निरोगी गटातली ताई

आमच्या संशोधनाला निरोगी म्हातारी माणसं मिळत नव्हती, म्हणून ताई आली.

एमआरआयच्या चित्रांवरून मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी मोजणं हे माझं काम. त्या थराला मेंदूचं साल म्हणा. वय वाढतं तसं ते पातळ होत जातं. किती पातळ झालं तर ते वय आणि किती झालं तर आजार, हे ठरवायला आधी धडधाकट माणसांची मोजमापं हाताशी लागतात. आपल्याकडे ती फारशी नव्हती. परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या आकड्यांशी आपल्या म्हाताऱ्यांचे मेंदू ताडून पाहायचे, असं चाललं होतं. आमच्या संस्थेनं एका रुग्णालयाकडून त्यांच्या मशीनवर शनिवार दुपारची वेळ मागून घेतली आणि आम्ही निरोगी माणसं शोधायला लागलो. त्याच माणसांना दरवर्षी बोलवायचं आणि दरवर्षी मोजायचं, अशी योजना होती.

रोग नसताना मशीनमध्ये कशाला जायचं, असं लोक विचारायचे. त्यांचं बरोबरच होतं. एका ज्येष्ठ नागरिक संघात मी तासभर बोलले. चहा सगळ्यांनी घेतला, नाव एकानंही दिलं नाही.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पुढचं माझं सगळं तिनंच पाहिलं. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली होती आणि भावोजींबरोबर कसबा पेठेत, जुनी पाडून नव्यानं बांधलेल्या एका इमारतीत राहत होती. भावोजी बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. मूलबाळ नव्हतं. शुद्धलेखनाच्या बाबतीत ताईला दयामाया नव्हती. एका मिठाईच्या दुकानात ‘शुद्ध तूपातील’ अशी पाटी होती, तर हिनं मालकांना सांगितलं की तूप दीर्घ असलं तरी तुपातला ‘तु’ ऱ्हस्व असतो. मालक म्हणाले, तूप शुद्ध आहे ना, मग झालं. त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

माझी अडचण ऐकून ती म्हणाली, “मी निरोगी आहे असं तू लेखी देणार असशील तर येते. तुझ्या भावोजींचा विश्वास नाही.”

पहिल्या शनिवारी तिनं मंगळसूत्र, बांगड्या आणि केसांतल्या पिना काढून भावोजींच्या हातात दिल्या. ते सगळं रुमालात धरून ते बाहेर उभे राहिले. मशीनमध्ये हलायचं नसतं. जरा हललं की चित्र विस्कटतं. ताई दगडासारखी पडून राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली की आत कोणीतरी स्लॅब फोडत होतं, आणि गणपतीतला डीजे यापेक्षा बरा, तो विसर्जनानंतर तरी थांबतो. मग संध्याकाळी शनिवारवाड्याच्या पटांगणात तिच्याबरोबर बसणाऱ्या बायकांना तिनं एकेक करून आमच्याकडे पाठवलं. ताईला नाही म्हणणं त्यांच्यापैकी कोणाला जमलं नसावं. आमचा निरोगी गट उभा राहिला तो असा.

तिच्या अहवालात ‘बदल वयानुरूप’ असं लिहून आलं. तो शब्द तिला आवडला. “बरा आहे,” ती म्हणाली. “आता काहीही विसरलं की हाच सांगायचा.”

ती तीन वर्षं आली. माझ्या विद्यार्थिनीनं सगळ्यांची मोजमापं मांडली, आम्ही शोधनिबंध लिहिला आणि एका नियतकालिकाकडे पाठवून दिला. असा निबंध गेला की परीक्षकांचं मत यायला महिनोन्‌महिने लागतात. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

त्या दिवाळीत मी ताईकडे जेवायला गेले. आमटी उकळत होती. मी विचारलं, “ताई, सांडशी कुठंय?”

“सांडशी म्हणजे काय?” ताई म्हणाली.

मी हसले. वर्गात ती प्रत्येक शब्दाला असंच विचारायची, आणि मुलीनं अर्थ सांगेपर्यंत पुढच्या ओळीवर जायची नाही. मीही शाळेतल्यासारखं उत्तर दिलं की गरम भांडं उतरवायची पकड म्हणजे सांडशी, बाई. तिनं मान डोलावली. सांडशी तिच्या समोरच खिळ्याला अडकवलेली होती. ताईनं सांडशीकडे पाहिलं, आणि पदर दुहेरी करून हातानं पातेलं उतरवलं.

जेवताना मी तिच्याकडे लक्ष देत राहिले. ती भरपूर बोलत होती, वाक्यं नेहमीसारखी ठाकठीक होती, क्रियापदं जागच्या जागी येत होती. फक्त नामं नव्हती. ‘ते’, ‘तसलं’, ‘ती वस्तू’ यांवर तिचं बोलणं चाललं होतं. मुलींच्या निबंधांतली ‘वस्तू’ ती लाल शाईनं खोडायची आणि कोणती ते लिही म्हणायची. मी कोथिंबीर छान आहे म्हणाले, तर तिनं सहज विचारलं, कोथिंबीर म्हणजे काय?

निघताना भावोजी जिन्यापर्यंत आले. हे बरेच महिने चाललंय, असं त्यांनी सांगितलं. “मला वाटलं माझी परीक्षा घेते आहे. लग्न झाल्यापासून घेतेच आहे.”

आमच्या संशोधनात सल्ला देणारे एक मेंदुविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आम्ही गेलो आणि त्यांच्या चिठ्ठीवर ताई पुन्हा त्याच मशीनमध्ये गेली, पण या वेळी पेशंट म्हणून. मी काचेच्या अलीकडे, पडद्यासमोर बसले. मेंदूचे काप एकेक करत उतरत गेले. डाव्या बाजूला, कानाच्या जरा पुढं, मेंदूचं जे टोक असतं ते आक्रसलं होतं आणि त्याच्या जागी पाणी होतं. आमच्या चित्रांत ते काळं दिसतं. दुसऱ्यांच्या शोधनिबंधांत मी असं चित्र कितीतरी वेळा पाहिलं होतं, त्याच्यावर व्याख्यानंही दिली होती. 

डॉक्टरांनी ताईला समोर बसवूनच सांगितलं. शब्दांचे अर्थ मेंदूच्या ज्या भागात सांभाळले जातात त्याची झीज होते आहे, हा स्मृतिभ्रंशाचा विरळा प्रकार आहे, बोलणं राहील पण अर्थ कमी कमी होत जातील. ताई वर्गात मुलीचं उत्तर ऐकावं तशी ऐकत होती.

“औषध?” तिनं विचारलं.

“थांबवणारं नाही.”

“गेलेले शब्द परत येतात?”

“नाही.”

“मग हे लवकर कळून काय झालं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या प्रत्येक निबंधाची सुरुवात त्याच विधानानं व्हायची: या आजारांचं निदान लवकर होणं महत्त्वाचं आहे. त्याशिवाय आमच्या कामाला पैसे मिळत नाहीत, आणि इतक्या वेळा लिहिल्यावर ते खरंही वाटायला लागतं.  भावोजींनी पाण्याची बाटली ताईपुढं केली. ती नको म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी तिची आधीची स्कॅन काढून पाहिली. पहिल्या वर्षी काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते टोक किंचित बारीक होतं, तिसऱ्या वर्षी आणखी. आता कुठं पाहायचं ते ठाऊक होतं म्हणून ते दिसत होतं. अहवाल लिहिणाऱ्याला ते दिसलं नव्हतं, आणि आमचं सॉफ्टवेअर सगळ्या गटाची सरासरी काढत होतं. सरासरीत एक माणूस कुठं दिसणार? मी डॉक्टरांना फोन केला आणि विचारलं की दुसऱ्या वर्षीच माझ्या लक्षात आलं असतं तर.

“तर तुम्ही सगळे तेव्हापासून घाबरला असतात,” ते म्हणाले. “बाकी काही फरक पडला नसता.”

ते माझी समजूत घालत नव्हते. जे घडलं असतं तेच त्यांनी सांगितलं. त्यांनी थोडा दोष दिला असता तर मला बरं वाटलं असतं. दोष असला म्हणजे काहीतरी करता येण्यासारखं होतं असा अर्थ होतो.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की रोजच्या उपयोगाचे थोडे शब्द चित्रांवरून पुन्हा शिकवता येतात, ते काही काळ टिकतात. मी अप्पा बळवंत चौकातल्या शालेय पुस्तकांच्या दुकानातून चित्रांची कार्डं घेतली. दुकानदारानं विचारलं, नातवंड केवढं आहे? मी म्हटलं, लहान आहे. ताईनं पहिलं कार्ड हातात घेतलं, हत्तीचं, आणि ते उलटं करून टेबलावर ठेवलं. “मी शिकवायची,” एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून बसायला लागली. सकाळचा चहा झाला की भावोजी कार्ड दाखवायचे आणि ती नाव सांगायची. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, कारण शाळेत तिचा तसाच नियम होता. बशी, चावी, छत्री, साबण. महिनाभरात तिला पुष्कळशी येऊ लागली. भावोजींचा मला फोन आला की आज एकही चुकलं नाही. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच असं काही ऐकलं, आणि मीही त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

त्या रविवारी मी गेले तेव्हा बाहेर अवकाळी पाऊस होता. ताईनं माझ्यासमोर सगळी कार्डं म्हणून दाखवली. छत्रीच्या कार्डावर लाल, उघडलेली छत्री होती. मग आम्ही खाली जायला निघालो. दारामागं भावोजींची काळी, मिटलेली छत्री टांगलेली होती. ती ताईनं काढून हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि मला विचारलं, “हे काय असतं गं?”

भावोजी चपला घालत होते. ते तसेच वाकून राहिले.

पुढं तिला ताप आला आणि आठवडाभर कार्डं बंद राहिली. ताप उतरल्यावर भावोजी ती घेऊन बसले, तर बशीपासून साबणापर्यंत एकही शब्द उरला नव्हता. त्यांनी पुन्हा सुरुवात करू म्हटलं. ताईनं कार्डांचा गठ्ठा हातात घेतला, पत्ते सारखे करावे तसा सारखा केला आणि परत त्यांच्याकडे दिला. ते आपल्याला करायचं आहे, हेच तिच्या लक्षातून गेलं होतं.

अशातच परीक्षकांची मतं आली. एक दिवस विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली आणि बसायला सांगूनही उभीच राहिली. तिला ताई ठाऊक होती. दरवर्षी स्कॅनला येताना ताई तिच्यासाठी डब्यातून काहीतरी आणायची आणि तिच्या मराठीतल्या चुका काढायची. एका परीक्षकानं कळवलं होतं की काम चांगलं आहे, पण निरोगी गटातल्या एका व्यक्तीच्या डाव्या बाजूची झीज बाकी सगळ्यांपेक्षा फारच जास्त दिसते. मोजण्यात चूक झाली आहे का ते तपासावं, नसल्यास खुलासा करावा किंवा ती व्यक्ती वगळावी.

आलेखात ती व्यक्ती म्हणजे एक ठिपका होता. बाकीचे ठिपके एका घोळक्यात होते आणि हा खाली, एकटा.

“मॅडम, मोजमाप मी तीनदा तपासलं,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

मी तिला तो ठिपका वगळायला सांगितलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आजारी माणूस निरोगी गटात ठेवता येत नाही. खुलासाही मीच लिहिला: एका सहभागी व्यक्तीस अभ्यासकाळानंतर मेंदूच्या झिजेचा आजार असल्याचं निदान झाल्यानं त्या व्यक्तीची मोजमापं विश्लेषणातून काढली आहेत. ते वाक्य इंग्रजीत फार गुळगुळीत होतं. विद्यार्थिनीनं त्या ठिपक्याशिवाय आलेख पुन्हा काढला. रेषा आधीपेक्षा सरळ आली, निष्कर्ष जास्त ठाम झाले. आलेखातून ताई गेल्यानं आमचा निबंध सुधारला. हे आम्हा दोघींना एकाच वेळी दिसलं.

तो छापून आला. संस्थेत चहा-सामोसे झाले. मी एक प्रत कसब्यात नेली. कशासाठी नेली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ताईनं पानं उलटली, आलेखांवरून हात फिरवला आणि प्रत नीट घडी करून वर्तमानपत्रांच्या रद्दीत ठेवली. भावोजींनी ती नंतर काढून कपाटात ठेवली असावी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परदेशातल्या एका संशोधकाचा ईमेल आला. त्यानं ते खुलाशाचं वाक्य वाचलं होतं. आजार दिसायला लागायच्या आधीपासूनची, ओळीनं काढलेली चित्रं जगात फार थोड्या माणसांची आहेत, तुमच्याकडची ही मालिका अनमोल आहे, कृपया त्या व्यक्तीची स्कॅन पुढंही चालू ठेवावीत, असं त्यानं फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं. आणि तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तसंच लिहिलं असतं.

मी भावोजींना विचारलं.  ते म्हणाले, “तिला विचार. तिचा मेंदू आहे.”

ताई खिडकीशी बसली होती. तोपर्यंत तिचं बरंच काही गेलं होतं. जुई म्हणजे काय, मंगळवार म्हणजे काय, मावशी म्हणजे काय. एकदा मी फोनवर कोणालातरी बहिणीकडे आहे म्हणाले, तर तिनं विचारलं, बहीण म्हणजे काय गं? ‘गं’ मात्र बरोबर जागी होता. भावोजींना ती अजून ‘अहो’ म्हणायची, पण नवरा या शब्दाचा अर्थ तिला सांगता आला नसता.

मी तिच्याजवळ बसले. “ताई, तुझ्या मेंदूचे आणखी फोटो काढायचे आहेत. येशील का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता, ओळखीचा होता.

“मेंदू म्हणजे काय?”

मी माझ्या कपाळाला हात लावला, मग तिच्या. “हे. इथं आत असतं ते.”

“बरं,” ती म्हणाली. “चल.” आणि उठून चपला घालायला लागली.

माझ्याबरोबर ती कुठंही आली असती. पहिल्या वर्षी तिनं संमतिपत्र वाचून त्यातल्या दोन चुका काढल्या होत्या आणि मग सही केली होती. आता तिला विचारणं आणि न विचारणं यात फरक उरला नव्हता. ती मशीनमध्ये आधीसारखीच न हलता पडून राहिली असती आणि चित्रं उत्तम आली असती, हे मला माहीत होतं. मी तिचा हात धरून खाली उतरले. आम्ही चालत मंडईपर्यंत गेलो. तिनं एका बाईकडून लिंबं घेतली. घरी फ्रिजमध्ये लिंबं भरलेली होती, ताई रोज लिंबंच घ्यायची. आम्ही परत आलो. परदेशातल्या त्या संशोधकाला मी कळवलं की त्या व्यक्तीचा सहभाग संपला आहे. त्यानं खेद व्यक्त केला.

आता ताई फारशी बोलत नाही. खिडकीबाहेर पाहते, कधी एखादं अर्धं वाक्य म्हणते, त्याचं व्याकरण अजून बिघडलेलं नाही. खाण्यात वरणभातच चालतो, दुसरं ताटात आलं तर ताट सरकवते. मी रविवारी जाते. गेल्या रविवारी भावोजी तिला भरवत होते आणि प्रत्येक घासाबरोबर काहीतरी सांगत होते: खाली रस्ता पुन्हा खणला आहे, जोश्यांच्या मजल्यावर पाणी आलं नाही, असलं. मी विचारलं, तिला कळतं का? ते म्हणाले, आवाज कळतो. मग भाताची शितं तिच्या हनुवटीवरून पुसत म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, पुढं गिळणं जाईल.”

मला ते माहीत होतं. कोणत्या भागानंतर कोणता भाग जातो, साधारण कोणत्या क्रमानं जातो, हे मी लोकांना शिकवते.

ताईनं तोंड उघडलं. त्यांनी पुढचा घास दिला. ती बराच वेळ चावत राहिली आणि आम्ही दोघं ती गिळेपर्यंत थांबलो.

“तुझं काम कसं चाललंय?” भावोजींनी विचारलं.

मी म्हटलं, “चाललंय.”

त्यांनी मान हलवली आणि उरलेला भात घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.